गुडघ्याइतकी बॅटरी

नवा फोन काच फोडून एम. जी. रोडला पडलाय.
नावेदभाई म्हणाला, डिस्प्ले येतोय, शनिवार धरा.
म्हणून गॅरंटी कार्डांच्या डब्यातून हा काढला.
बावन्न हजारांचा, अठरा हप्त्यांचा,
त्या साली कंपनीचा सगळ्यात वरचा.
सातपूरला आमच्या शॉपवर तेव्हा
मॅनेजर धरून तिघांकडेच होता.
मी तो टेबलावर पालथा ठेवायचो,
नाव दिसावं म्हणून.

चार्जरला लावला. अर्धा तास काहीच नाही.
मग एकदम थरथरला,
पहिल्या पाळीला हलवून उठवलेल्या माणसासारखा.

माझं काम तपासणीचं.
दिवसभर भोकात गेज घालायचा:
गेला तर पास, अडकला तर रिजेक्ट.
मधलं काही नसतं.
त्याच सवयीने याला घेतला.

अंगठा ओळखेना. तीनदा नाही म्हणाला.
चूक त्याची नसावी, एवढ्या वर्षांच्या कूलंटने
माझ्याच रेषा पुसट झाल्यात.
पॅटर्न मात्र बोटाला पाठ होता,
मला नव्हता.
बँकेने दारातूनच परत पाठवलं.
व्हॉट्सअ‍ॅपनेही, जरा गोड शब्दांत.
नकाशा त्र्यंबक नाका दाखवेपर्यंत
मी मनातल्या मनात चालत सीबीएसला पोचलो होतो.

कॅमेरा चांगला. खरंच चांगला.
खिडकीतून पांडवलेणीचा डोंगर काढला;
नव्यासारखा हा नटवत नाही,
डोंगर राखाडी होता, राखाडीच आला.
स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळट डाग,
चहाचा कप ठेवून कुणी विसरल्यासारखा.

आणि बॅटरी.
आपण पूर दुतोंड्या मारुतीवर मोजतो, तशीच मोजली.
चार्जर काढला तेव्हा पाणी गळ्याशी,
दोन फोटोंत कमरेला,
मेव्हण्याला एक फोन केला, तोही उगाच,
गुडघ्याला.
गॅलरीत तोच मारुती सापडला,
सोळा सालचा, गढूळ पाण्यात उभा,
कडेला छत्रीचं एक टोक.
तुझं.

तू रात्रपाळीला गेली होतीस, सिव्हिलला.
सिम इकडे टाकलं होतं,
त्याचा ट्रे तुझ्याच कानातल्याच्या दांडीने उघडला.
मेसेज लिहायला नुसता प दाबला
तर कीबोर्डने वर तीन शब्द धरले:

पोचलीस
पोचलीस का
पोचलीस का गं

केव्हा थांबलो मी विचारायचं?
नव्या फोनवर तुझा ठिपका दिसतो.
मुंबई नाक्याला सिग्नलवर थांबतो,
पुढे सरकतो, सिव्हिलच्या चौकोनात शिरतो,
आणि मी टीव्हीचा आवाज वाढवतो.
भांडण नाही, काही नाही.
ठिपक्याला काय विचारायचं.
याच्याकडे ठिपका नव्हता.
तू कुठे आहेस हे याला कधीच कळायचं नाही,
म्हणून हा विचारायला शिकला होता.

तिसरा पर्याय दाबला.
साधा मेसेज, जुन्या वाटेने गेला.
अकरा मिनिटांनी तुझं उत्तर:
कधीच. वॉर्डात आहे. काय झालं? बरा आहेस ना?

लिहिलं, काही नाही,
जुना फोन चालतो का बघत होतो.
तू लगेच: मग, चालतो का?

पाणी तोवर पावलाशी आलं होतं.
मी चा लिहिला, ल लिहिला,
आणि पडदा काळा.

आता पुन्हा चार्जरला आहे.
पाठीचं झाकण किंचित फुगलंय, हात लावला तर गरम.
नावेदभाई म्हणेल, काढून टाका साहेब, घर पेटवाल.
म्हणेल ते बरोबरच.
पण शनिवारपर्यंत मी याच्यापाशी बसून आहे,
स्टुलावर, पाण्याची बाटली जवळ घेऊन.

सकाळी आलीस की तूच बघ.
आणि तुझ्या कानातल्याची दांडी थोडी वाकलीय.
ते आधीच सांगतो.